आज कुणाला बसवू?

वानखेडे काकूंकडे राहायला गेल्यानंतरच्या दुसऱ्याच रविवारी त्यांनी जिन्याखालून हाक मारून मला विचारलं, "अगं, आज वेणीवाल्याला बसवू का?"

मी वरच्या खोलीत धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होते. घरात आम्ही दोघीच. मला वाटलं, दुपारी कुणी जेवायला येणार असेल आणि खुर्च्या कमी पडत असतील. वेणीवाला कोण ते कळलं नाही, पण घरी आलेल्या माणसाला उभं कशाला ठेवायचं, म्हणून मी वरूनच म्हटलं, "बसवा की काकू." जेवायला कुणीच आलं नाही. संध्याकाळी काकूंचा चेहरा उतरलेला. काय झालं विचारलं, तर म्हणाल्या, वेणीवाल्याने आज दोन टचडाउन केले आणि मी त्याला बसवून ठेवलं, आता समीर हसणार. यातलं मला अक्षरही कळलं नाही, आणि काकूंच्या बाबतीत माझी ही अवस्था पुढे जवळजवळ कायमच राहिली.

हे अमेरिकेतल्या एडिसनमधलं, दोन हजार चार सालचं. मी पुण्याहून एका विमा कंपनीच्या सॉफ्टवेअरच्या कामावर आले होते. ओक ट्री रोडवरच्या किराणा दुकानात कुणीतरी काकूंचं नाव सांगितलं, आणि मी त्यांच्या घरातली वरची खोली घेतली. काकू मूळच्या अकोल्याच्या. लग्न होऊन अमेरिकेत आल्या त्याला तेव्हा तीसेक वर्षं झाली होती. काका इंजिनियर होते, दोन वर्षांपूर्वी गेले. एकुलता एक मुलगा समीर ॲन आर्बरला विद्यापीठात पीएचडी करत होता. काकू स्वतः एका चष्म्याच्या दुकानात कामाला होत्या. गिऱ्हाइकाच्या नाकावर नवा चष्मा ठेवायचा, दोन पावलं मागे होऊन बघायचं, काडी जरा वाकवायची, पुन्हा ठेवायचा, हे त्यांचं काम. त्यामुळे कुणीही भेटलं की त्या आधी त्याचे कान पाहायच्या. मला पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "तुझा डावा कान जरा वर आहे. घाबरू नको, सगळ्यांचाच एक असतो."

आता त्या बसवण्याबद्दल. मला समजलं तेवढं सांगते. अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात, त्यात पायाचा चेंडूशी फारसा संबंध नसतो. हातात चेंडू घेऊन पळायचं, आणि समोरचे अंगावर पडायच्या आत शेवटच्या रेषेपलीकडे पोचायचं. पोचलं की टचडाउन. समीर आणि त्याचे मित्र या खेळावर कंप्युटरवरचा आणखी एक खेळ खेळायचे. प्रत्येकाने हंगामाच्या सुरुवातीला खरे खेळाडू वाटून घ्यायचे, एक या संघातला, एक त्या संघातला, असा आपला कागदी संघ बनवायचा. दर आठवड्याला मित्रांपैकी एकाशी सामना. खरे खेळाडू मैदानात जे करतील त्याचे गुण आपल्याला. मात्र सगळ्यांचे नाहीत. रविवारी एक वाजता सामने सुरू होतात, त्याच्या आत ठरवायचं की यातले कोण आज आपल्यासाठी खेळणार आणि कोण बसणार. ज्याला बसवलं त्याने मैदानात कितीही पराक्रम केला तरी आपल्या पदरात काही नाही.

दहा मित्रांतला एक जण लग्न करून बाहेर पडला, तेव्हा जागा रिकामी राहू नये म्हणून समीरने आईचं नाव घातलं. दुसरा कुणी मिळेपर्यंतच, असं तो म्हणाला होता. संघाला नाव काय देऊ म्हणून त्याने फोनवर विचारलं, काकूंनी 'अकोला' सांगितलं. मित्रांना वाटलं हे कुठल्यातरी सरबताचं नाव आहे. ते 'अ कोला' असं तोडून वाचायचे, आणि काकूंनी त्यांना कधी दुरुस्त केलं नाही. दुसरा कुणी शोधायचं मग सगळेच विसरले.

काकूंना खेळाडूंची नावं लक्षात राहत नसत. त्यांनी आपली नावं ठेवली होती. केसांच्या बारीक वेण्या शिरस्त्राणाखालून पाठीवर सोडलेला तो वेणीवाला. हा त्यांचा सर्वांत भारी खेळाडू, समीरसुद्धा त्याच्यावर डोळा ठेवून होता. एक अगडबंब होता, तो ढोल्या. चेंडू फेकणारा एक गोरा, नीट भांग पाडलेला पोरगा होता, मुलाखतीत प्रत्येक प्रश्नाला 'येस सर' म्हणायचा, तो जावई. जावयाला त्यांनी कधी बसवलं नाही. तो लागोपाठ तीन आठवडे वाईट खेळला तेव्हा मी भीत भीत सुचवून पाहिलं, तर म्हणाल्या, "एवढं गोड बोलतो गं तो. हरल्यावरही रागावत नाही."

सल्ला मात्र त्या सगळ्यांना विचारायच्या. टपाल टाकायला येणाऱ्या माणसाला दारात थांबवून विचारायच्या. दुकानात चष्मा घालायला आलेल्या म्हाताऱ्याचा चेहरा दोन्ही हातांत धरलेला असताना विचारायच्या. तो बिचारा हलूही शकत नसे. सगळे सांगायचे की चांगल्या खेळाडूला बसवू नका, बाई. काकू मान डोलवायच्या, घरी यायच्या आणि भलतंच काहीतरी करायच्या. कधी जिंकायच्या, कधी हरायच्या. का जिंकल्या तेही सांगता यायचं नाही.

एक नियम तेवढा त्यांचा पक्का होता. कुणाला दुखलं-खुपलं असेल तर त्याला बसवायचं. गुडघा असो, खांदा असो, नुसती सर्दी असो. डॉक्टरने खेळायला परवानगी दिली असली तरी. मी एकदा बसून त्यांना समजावलं. म्हटलं, काकू, तुम्ही इथे एडिसनमध्ये त्याला बसवलं म्हणून तो तिकडे बसत नाही. तो खेळणारच आहे. दुखऱ्या पायाने पळणारच आहे. फक्त गुण तुम्हाला मिळणार नाहीत.

"माहीत आहे मला," त्या म्हणाल्या. "मी काय खुळी आहे? पळू दे ना. त्याच्या मालकासाठी पळू दे, पैशासाठी पळू दे. माझ्यासाठी नको."

बरोबर की चूक ते मला ठरवता आलं नाही.

या सगळ्यात खरी गोष्ट फोनची होती. काका गेल्यापासून समीर रविवारी फोन करायचा, पण त्यात काही राम नव्हता असं काकूच सांगायच्या. जेवलास का, येस. थंडी आहे का, येस. झोप होते का, आई, आय हॅव टू गो. आता तोच मुलगा शनिवारी स्वतःहून फोन करायचा आणि तासभर बोलायचा. तो इंग्रजीत, काकू मराठीत. तो म्हणायचा ढोल्याला काढून टाक, काकू म्हणायच्या काहून, त्याने काय केलं तुझं? स्वयंपाकघरातल्या भिंतीवर फोन होता, काकू खांद्यात रिसीव्हर धरून कणीक मळायच्या आणि भांडायच्या. त्या वेळी त्यांचा आवाज विशीतल्या मुलीसारखा व्हायचा.

डिसेंबरच्या सुरुवातीला मित्रांच्या साखळी फेरीच्या शेवटच्या आठवड्याचे सामने आले. अकोल्याचं पुढे जाणं आधीच हुकलं होतं. समीरचं मात्र त्या एका सामन्यावर होतं. जिंकला तर बाद फेरीत, हरला तर घरी. आणि सामना होता आईशी.

त्या आठवड्यात समीरने फोन केला नाही. आता बोलणं बरं दिसत नाही, असं त्याने मेलवर कळवलं. रविवारी मी उशिरा खाली आले तेव्हा काकूंनी संघ लावून टाकला होता. मला न विचारता. एक वाजता आम्ही दोघी टीव्हीसमोर बसलो, आणि थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की वेणीवाला पळतोय आणि काकू टाळ्या वाजवत नाहीयेत.

"बसवला मी त्याला," त्या म्हणाल्या.

मी विचारलं, त्याला काय झालंय? माझ्या माहितीत तो ठणठणीत होता. जखमींची नावं आठवडाभर येत असतात, त्यात त्याचं नाव नव्हतं. काकू म्हणाल्या, गेल्या रविवारी सामना संपल्यावर तो मैदानाबाहेर जाताना लंगडत होता. मीही तो सामना पाहिला होता, त्यांच्याच शेजारी बसून. मला काही दिसलं नव्हतं. पण मला चष्म्याची काडी वाकडी आहे हेसुद्धा कधी दिसत नाही.

वेणीवाल्याने त्या दुपारी तीन टचडाउन केले. समीर अगदी थोडक्यात जिंकला. वेणीवाला खेळवला असता तर काकू आरामात जिंकल्या असत्या.

मित्रांच्यात कुजबुज सुरू झाली. एकाने सगळ्यांना मेल पाठवली. मॉम्स आर मॉम्स, एवढंच होतं त्यात, आणि पुढे हसरा चेहरा. काकूंना ती गोड वाटली. समीरचा फोन आला तेव्हा मी चहा करत होते. काकूंचे हात पिठाचे होते, म्हणून त्यांनी कोपराने स्पीकरचं बटण दाबलं. त्यामुळे सगळं मला ऐकावं लागलं.

"आई, डिड यू डू इट फॉर मी?"

"तो लंगडत होता."

"नोबडी सेड ही वॉज हर्ट. नोबडी."

"मला दिसलं."

"जस्ट टेल मी द ट्रुथ, आई."

काकू पिठाच्या हातांकडे बघत उभ्या राहिल्या. मग त्या जे बोलल्या, ते त्यांनी बोलायला नको होतं असं मला त्याच क्षणी वाटलं. त्या म्हणाल्या, "आणि समजा केलं असतं तुझ्यासाठी. तर त्यात एवढं वाईट काय आहे, बाळा?"

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी समीरने मित्रांना कळवलं की तो बाद फेरी खेळणार नाही, त्याची जागा पुढच्या मुलाला द्यावी. आईला त्याने काही कळवलं नाही. ते तिला बाकीच्यांसारखं मेलवरच कळलं. नाताळच्या सुट्टीत तो घरी येणार होता, तर प्रयोगशाळेत काम निघालं म्हणून तेही रद्द केलं. काकूंनी मला पुन्हा पुन्हा विचारलं की यात त्याला राग येण्यासारखं काय होतं. कंप्युटरवरचा खेळ, त्यात कुणाला बक्षीस नाही, काही नाही. मी म्हटलं, अमेरिकेत वाढलेली मुलं, त्यांना हे फसवणुकीसारखं वाटत असेल. ते उत्तर त्यांना पटलं नाही. मलाही फारसं पटलं नव्हतं.

नाताळ झाल्यावर एका सकाळी काकू कोट घालूनच खाली आल्या आणि म्हणाल्या, चल, ॲन आर्बरला जाऊ. दहा-अकरा तासांचा रस्ता, वर बर्फ. मला कार चालवायची भीती वाटायची, पण त्यांना एकटीला कसं जाऊ द्यायचं? दशम्या, ठेचा, वांग्याचं भरीत आणि थर्मास घेऊन निघालो. गाडी काकूंनी चालवली, मी मांडीवर नकाशा धरून बसले. पेनसिल्व्हेनियातले डोंगर संपेपर्यंत काकू काही बोलल्या नाहीत. बोलल्या त्या ओहायोत, सरळ रस्ता लागल्यावर.

समीर लहान असताना काका त्याच्याशी कॅरम खेळायचे आणि दरवेळी हरायचे. काकांचा हात चांगला होता, कॉलेजात असताना त्यांनी बक्षिसं मिळवली होती. पण राणी भोकाच्या तोंडाशी आणून ठेवायची आणि मग नेम चुकवायचा. मुलगा मोठा झाला तरी त्यांनी ते सोडलं नाही. त्यालाही कधी संशय आला नाही. काका गेल्यानंतर घरी लोक भेटायला आले, तेव्हा काकू त्यांच्या आठवणी सांगत होत्या. त्यांत त्यांनी हीही सांगितली, हसत हसत. समीर समोरच बसला होता.

"तो उठून बाहेर गेला," काकू म्हणाल्या. "मला वाटलं, वडिलांच्या आठवणीने गेला. मी त्याच्या मागे पण गेले नाही."

मी विचारलं की नंतर त्याबद्दल काही बोलणं झालं का. त्या म्हणाल्या, नाही. मला त्या वेळी वाटलं की आता सगळा उलगडा झाला. तो काकूंना मी सांगणार होते, पण त्यांनीच विचारलं, "म्हणून चिडला असेल का गं? पण ह्यांनी तर प्रेमानंच केलं होतं." दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, आणि त्यांचं पुढे काय करायचं ते मला माहीत नव्हतं.

समीरने दार उघडलं तेव्हा तो खूप बारीक दिसला. त्याला जबरदस्त सर्दी झाली होती. आम्ही येणार हे काकूंनी कळवलंच नव्हतं. तो माझ्याकडे बघून हाय म्हणाला आणि आईच्या हातातून त्याने फक्त पिशव्या घेतल्या. काकूंनी भाकरीसाठी तवा शोधला, तवा नव्हता, त्यांनी भरीत-दशम्याच गरम करून वाढल्या. तो खाली मान घालून जेवला. प्रयोगशाळेचं काम खरंच होतं की नव्हतं ते कुणी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार. बाहेर इतकी थंडी की खिडकीला आतून बर्फ धरलेला. टीव्हीवर वेणीवाल्याच्या संघाचा सामना लागला. मला वाटलं, समीर टीव्ही बंद करेल. त्याने केला नाही. सोफ्याच्या एका टोकाला तो नाक पुसत बसला, दुसऱ्या टोकाला काकू, मध्ये मी. मग वेणीवाला चेंडू घेऊन पळाला, तिघांनी मिळून त्याला पाडलं, तो उठला आणि आपल्या लोकांकडे चालत गेला.

"बघ," काकू म्हणाल्या.

"बघ व्हॉट?"

"उजवा पाय."

समीरकडे टीव्हीवरचा चालू कार्यक्रम मागे नेता येईल असं यंत्र होतं. त्याने ते मागे नेलं. वेणीवाला पुन्हा पडला, पुन्हा उठला, पुन्हा चालला. समीर म्हणाला, ही इज फाइन. काकू म्हणाल्या, पुन्हा लाव. त्याने पुन्हा लावलं. काकू उठून टीव्हीजवळ गेल्या आणि पडद्यावरच्या वेणीवाल्याच्या खांद्यावर बोट ठेवून म्हणाल्या, हा खांदा बघ, पाय वाचवायचा असला की माणूस खांदा असा टाकतो. समीर म्हणाला, खांद्याच्या पॅडचा पट्टा सैल आहे म्हणून तो तसं करतोय. पुन्हा लावलं. एकदा तो म्हणाला, वेट, मेबी. त्याच्या पुढच्याच वेळी म्हणाला, नो. खरा सामना तिकडे कधीच पुढे निघून गेला होता. ही दोघं त्या एका पडण्या-उठण्याशीच बसली होती. आवाज चढले. काकू त्याला हट्टी म्हणाल्या, तो म्हणाला, यू आर मेकिंग इट अप, आई. मला एकदाही लंगडणं दिसलं नाही, किंवा दर वेळी दिसलं. इतक्यांदा बघितल्यावर कुणीही चाललं तरी लंगडतंय असं वाटतं.

मग कधीतरी, यंत्राचं बटण हातात तसंच धरून, समीर टीव्हीकडेच बघत म्हणाला, "डिड आय एव्हर बीट हिम? इव्हन वन्स?"

मला वाटलं, तो अजून खेळाबद्दल बोलतोय. काकूंना बरोबर कळलं. त्यांनी हो म्हणावं असं मला फार वाटत होतं.

"मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "मी स्वयंपाकघरात असायची. तू जिंकलास की ओरडायचास, तेवढंच मला कळायचं."

समीरने मान हलवली. मग त्याने ते पुन्हा मागे नेलं, आणि म्हणाला, ओके, शो मी द शोल्डर.

परतीच्या वाटेसाठी समीरने डब्यात उकडलेली अंडी भरून दिली होती, त्याला तेवढंच करता येत होतं. पेट्रोल भरायला थांबलो तेव्हा मी धीर करून विचारलं, "काकू, खरं सांगा, त्या दिवशी तो लंगडत होता?"

काकू हातमोजे घालत होत्या. एका बोटात दोन बोटं अडकली होती, ती सोडवत राहिल्या. "तेव्हा दिसलं होतं, नक्की दिसलं होतं," त्या म्हणाल्या. "पण त्याला लंगडताना पाहून मी बसवलं, की बसवायचंच होतं म्हणून मला तसं दिसलं, ते आता माझं मलाच सांगता येत नाही. तू काही समीरला सांगू नको. त्याला एवढ्यात बरं वाटायला लागलंय."

मी सांगितलं नाही. सांगण्यासारखं माझ्याकडे होतं तरी काय?

पुढच्या ऑगस्टमध्ये माझं काम संपलं आणि मी पुण्याला परत निघाले. विमानतळावर न्यायला टॅक्सी आली तो नेमका समीर आणि त्याच्या मित्रांचा खेळाडू वाटून घेण्याचा दिवस होता. काकूंनी नवा बिनतारी फोन घेतला होता. मी बॅगा खाली आणल्या तेव्हा तो त्यांच्या कानाला होता आणि पलीकडे समीर होता. त्याला वेणीवाला हवा होता, आणि काकू द्यायला तयार नव्हत्या. मी वाकून नमस्कार केला, त्यांनी डोक्यावर हात ठेवला, पण ठेवतानाही फोनवर नाही-नाही चाललंच होतं.

मी टॅक्सीत बसले. काकू माझ्यामागून बाहेर आल्या. अर्ध्या वाटेवर फोनचा टप्पा संपला असावा, कारण त्या थबकून हॅलो, हॅलो म्हणू लागल्या. एक पाऊल मागे गेल्या, आवाज पुन्हा आला असणार, कारण त्या लगेच भांडायला लागल्या. मग मी दिसले म्हणून एक पाऊल पुढे आल्या. पुन्हा हॅलो. टॅक्सीवाल्याने गाडी मागे घेतली. काकूंनी मोकळा हात वर केला, माझ्याकडे बघितलं, आणि फोन कानाला घट्ट दाबून त्या घराच्या दिशेने वळल्या.